दुसऱ्या टोकाचा माणूस



ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्या हस्ताक्षरातला तारेचा एक फॉर्म माझ्याकडे आहे. पोस्टात दिलेला नव्हे. खोडाखोड झाली म्हणून बाजूला पडलेला कच्चा कागद. माझ्या आजोबांचं मिरजेला ऑपरेशन झालं, तेव्हा मुंबईच्या काकांना कळवायला हवं म्हणून वडील सरांकडे गेले. वडिलांनी सांगितलेला मजकूर सतरा-अठरा शब्दांचा होता. सरांनी तो तसाच उतरवून घेतला आणि मग पेन्सिलीनं एकेक शब्द उडवत आणला. शेवटी उरलं ते इतकंच : ‘ऑपरेशन सक्सेसफुल डोन्ट कम.’ वडील म्हणाले, ‘सर, डोन्ट वरी राहिलं.’ सर म्हणाले, ‘येऊ नका म्हटल्यावर काळजी करू नका हे त्यात आलंच. त्याचे वेगळे पैसे कशाला द्यायचे?’

पुढे कितीतरी वर्षांनी, अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिअॅटलजवळच्या एका गावात मी पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून शब्द उडवत होतो. तारखात्याचा काही संबंध नव्हता. समोर लॅपटॉप, शेजारी रेडिओचा संच, खिडकीतून बाहेर गेलेली एक तार. मला रेडिओवरून ई-मेल पाठवायची होती आणि ती जाता जात नव्हती. तेव्हा सरांची पेन्सिल आठवली. आजचं व्याख्यान त्या पेन्सिलीबद्दल आहे, असं म्हटलं तरी चालेल.

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला सगळे ‘हॅम’ म्हणतात, तो आपल्याकडे वर्तमानपत्रात फक्त आपत्तीतच दिसतो. भूकंप झाला, पूर आला, फोन बंद पडले आणि हॅम मंडळी मदतीला धावली, अशी बातमी येते. बातमी खोटी नसते. पण ती वाचून असं वाटतं की ही मंडळी कपाटातून संच काढतात, बटण दाबतात आणि बोलू लागतात. धावण्याची बातमी होते. त्याआधीच्या, सरावाच्या शेकडो बुधवारांची होत नाही. मी आज त्या बुधवारांविषयी बोलणार आहे.

आधी थोडं यंत्राविषयी. विनलिंक नावाची एक जगभर पसरलेली व्यवस्था आहे. ती स्वयंसेवकांनी उभी केली, स्वयंसेवकच चालवतात आणि तिच्यामागे अमेरिकेतली एक ना-नफा संस्था आहे. तिची मुळं १९८०च्या दशकात जातात. व्हिक्टर पुअर नावाच्या इंजिनियरनं तेव्हा रेडिओवरून निरोप साठवून पुढे धाडणारा प्रोग्रॅम लिहिला. हा माणूस साधा नव्हे. इंटेलच्या ८००८ या चिपचा मूळ आज्ञासंच आखण्यात त्याचा हात होता. आज आपल्या टेबलावरचे बहुतेक संगणक त्याच घराण्यातले. २००० सालाच्या सुमारास ही व्यवस्था इंटरनेटला जोडली गेली. तिचे सुरुवातीचे मोठे गिऱ्हाईक आपत्तीवाले नव्हतेच. ते होते शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडणारे लोक. त्यांना रोज हवामान हवं असे, घरी खुशाली कळवायची असे. आपण सराव करतो आहोत हे त्यांना ठाऊकही नव्हतं, आणि म्हणून त्यांच्याइतका चांगला सराव कुणाचाच नव्हता.

काम कसं चालतं ते सांगतो. लॅपटॉपवरचा प्रोग्रॅम नेहमीच्या ई-मेलसारखाच दिसतो. वर पत्ता, खाली विषय, मग मजकूर. पाठवा म्हटलं की पत्र कुठेच जात नाही. नुसतं आउटबॉक्समध्ये जाऊन बसतं. मग प्रोग्रॅम एक यादी दाखवतो : या घटकेला कोणत्या गेटवेपर्यंत आपला आवाज पोहोचण्याची शक्यता किती. गेटवे म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी गावातल्या हॅमच्या घरी रात्रंदिवस चालू ठेवलेला संच, ज्याला इंटरनेट आहे. त्याची फ्रीक्वेन्सी लावायची आणि हाक द्यायची. लॅपटॉप पत्राचे आवाज करतो, संच ते आकाशात सोडतो. ऐकायला पावसाळ्यातले रातकिडे आणि जुना फॅक्स यांचं मिश्रण. पलीकडून तसाच किरकिराट येतो : हा तुकडा मिळाला, हा नाही, पुन्हा पाठव. सगळे तुकडे पोहोचले की गेटवे ते पत्र इंटरनेटवर टाकतो आणि ते जगात कुणाच्याही नेहमीच्या मेलपेटीत उतरतं.

आपल्याकडे पूर्वी गावातलं टपाल निघून गेलेलं असलं की पाकीट एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायचे आणि सांगायचे, पुढच्या स्टँडवरच्या पेटीत टाका. तसंच हे. आपल्या गावचं टपाल बुडालेलं आहे, पुढच्या गावचं चालू आहे, मधल्या अंतरापुरता रेडिओ. पुढच्या गावचंही बुडालं असेल तर गेटवेकडून गेटवेकडे नुसत्या रेडिओवरून पत्र नेण्याचीही सोय आहे. आणि अगदीच काही नाही तर दोन संच एकमेकांशी थेट बोलतात.

या सगळ्यात आकाशाचा वाटा मोठा. अँटेना जमिनीपासून दहा-पंधरा फुटांवर, जवळजवळ कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी आडवी बांधली की लहरी सरळ वर जातात, आयनांबरावर आपटतात आणि कारंज्याच्या पाण्यासारख्या भोवतालच्या तीनेकशे किलोमीटरांत पडतात. दिवसा सात मेगाहर्ट्झ, रात्री साडेतीन. मधे डोंगर असला तरी फरक पडत नाही, कारण निरोप डोंगराला वळसा घालत नाही, वरून येतो. हातातला वॉकीटॉकी मात्र समोर टेकडी आली की मुका होतो. ही गोष्ट सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मी जिथे राहत होतो, तिथे या उद्योगाला कारण होतं. त्या किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्राखाली कॅस्केडियाची भेग आहे. २६ जानेवारी १७०० रोजी तिनं सुमारे नऊ तीव्रतेचा धक्का दिला. तारीख इतकी नेमकी कळली ती जपानमुळे. तिथे त्या सुमाराला, भूकंप न जाणवता, एक अनाथ त्सुनामी किनाऱ्यावर आली आणि जपानी लोकांनी तिची नोंद करून ठेवली होती. ती भेग पुन्हा हलणार यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे. कधी, ते कुणी सांगू शकत नाही. जून २०१६ मध्ये तिथे ‘कॅस्केडिया रायझिंग’ नावाची चार दिवसांची मोठी रंगीत तालीम झाली. सरकार, लष्कर, इस्पितळं, शहरं सगळी त्यात होती आणि हॅमही होते. त्यानंतर वॉशिंग्टन राज्यानं नागरिकांना सांगायला सुरुवात केली की तीन दिवसांची शिदोरी विसरा, दोन आठवड्यांची ठेवा.

आमच्या गटाचा सराव दर बुधवारी असे. ठरलेल्या पत्त्यावर एक ओळ पाठवायची : कॉल साइन (परवान्याबरोबर मिळालेली ओळखखूण), नाव, गाव, तालुका म्हणा काउंटी म्हणा, आणि निरोप कोणत्या पद्धतीनं पाठवला ते. मधे स्वल्पविराम. क्रम चुकला तर हजेरीचा तक्ता बनवणाऱ्याची कटकट वाढते. संध्याकाळी यादी येई. बस्, एवढंच.

ही एक ओळ पाठवायला मला पहिल्या बुधवारी दोन तास लागले. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. आधी लॅपटॉपला संच दिसेना. केबल चार्जिंगची निघाली, आतून डेटाच्या तारा नसलेली. दुसरी केबल आणली. मग आवाजाची पातळी. फार ठेवली तर सिग्नल फाटतो, कमी ठेवली तर पोहोचत नाही. मग गेटवेशी जोडणी झाली, पण निम्म्यात तुटली. पुन्हा. पुन्हा तुटली. तिसऱ्यांदा कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं की रातकिड्यांच्या मधूनच ‘टिंग’ असा एक गोड आवाज हवेत जातो आहे. ऑफिसच्या मेल येत होत्या. लॅपटॉपनं संचालाच आपला स्पीकर समजून प्रत्येक मेलची घंटी तीनशे किलोमीटरांवर ऐकवली होती. घंटी वाजली की त्या वेळचा तुकडा बिघडत होता. ती बंद केली आणि माझी ओळ अर्ध्या मिनिटात गेली.

हे हसण्यावारी नेऊ नका. भूकंपाच्या दिवशी हीच केबल, हीच पातळी आणि हीच घंटी असते. फरक इतकाच की हात थरथरत असतात. सरावात मोठं काही बिघडत नाही. क्षुद्र गोष्टी बिघडतात, आणि त्या क्षुद्र आहेत म्हणून कुणी त्या आधी लिहून ठेवत नाही.

ज्या महिन्यात पाच शनिवार येत, त्या पाचव्या शनिवारी आमचा जरा कडक सराव असे. घरची वीज वापरायची नाही, वाय-फाय बंद, बॅटरी आणि अँटेना घेऊन बागेत यायचं. जानेवारीतला असा एक शनिवार मला आठवतो. पाऊस नव्हता, पण थंडीनं बोटं वळत नव्हती आणि लॅपटॉपची बॅटरी घरी दाखवत होती त्याच्या निम्मी झाली. आमच्यात एक सत्तरी ओलांडलेल्या बाई होत्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड होतं, दोरीनं संचाला बांधलेलं. पहिल्या ओळीवर त्यांचं स्वतःचं नाव आणि कॉल साइन, दुसऱ्या ओळीवर वेळ कुठली धरायची, घड्याळाची की ग्रीनिचची, मग कोणती केबल कुठे, कोणतं बटण आधी. मी विचारलं, स्वतःचं नाव कशाला लिहिलंत? म्हणाल्या, घाबरले की मला तेसुद्धा आठवत नाही. त्या दिवशी आम्ही सात जण होतो. पहिला निरोप त्यांचा गेला.

सरावात चिठ्ठ्या काढायची पद्धत होती. चिठ्ठी उघडायची आणि त्यात असेल ते सोसायचं. ‘तुमची अँटेना पडली.’ ‘तुमचा ऑपरेटर जखमी, शेजाऱ्याला बसवा.’ ‘नेहमीचा गेटवे बंद.’ ही चिठ्ठी फार महत्त्वाची. कारण नुसत्या बुधवारच्या हजेरीला एक रोग लागतो. तेच टेबल, तोच गेटवे, तीच ओळ. लोक सत्यनारायणाची पोथी वाचावी तसे ती पाठवतात आणि यादीत नाव आलं की प्रसाद मिळाल्यासारखे उठतात. दोनशे बुधवार सलग हजेरी लावलेला एक गृहस्थ मी असा पाहिला की ज्याला घराबाहेर अँटेना बांधता येत नव्हती. त्याची यादी खरी होती, तयारी नव्हती.

एकदा आमच्यातल्या एकानं पडलेल्या झाडाचा फोटो पाठवायचं ठरवलं. मोबाइलचा फोटो, तीन मेगाबाइट. विनलिंक १२० किलोबाइटच्या पलीकडचं पत्र घेतच नाही, आणि ते शहाणपणाचं आहे. हिशेब करा. आकाश वाईट असताना सेकंदाला वीस बाइट जातात असं धरलं तर हा फोटो पोहोचायला जवळजवळ पावणेदोन दिवस लागतील, आणि तेवढा वेळ तो गेटवे दुसऱ्या कुणाचाही निरोप घेऊ शकणार नाही. ‘पुलापाशी वड आडवा, दोन्ही बाजू बंद, करवत हवी’ हे त्याच वेगानं काही सेकंदांचं काम. आता सरांची पेन्सिल का आठवली ते तुमच्या लक्षात आलं असेल. अमेरिकन हॅमांची रेडिओग्रॅम नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात मजकूर शक्यतो पंचवीस शब्दांत बसवायचा आणि शब्दांची संख्या वर लिहायची. पलीकडच्यानं मोजून ताळा घ्यायचा. नेहमीच्या वाक्यांना आकडे ठरलेले आहेत. पहिल्याच आकड्याचा अर्थ : इथे सगळे सुखरूप आहेत, काळजी करू नये. आपल्या तारखात्यातही लग्नाच्या, दिवाळीच्या शुभेच्छांना असेच आकडे असत. जुलै २०१३ मध्ये आपली तार बंद झाली तेव्हा त्या आकड्यांबरोबर मोजून लिहिण्याची सवयही गेली. तिचं कुणाला फार वाईट वाटलं नाही.

सुखरूप या शब्दावरून आठवलं. संगणकाच्या रूढ युनिकोड मांडणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘सुखरूप’ या शब्दात अक्षरं, उकार धरून सहा चिन्हं आहेत. म्हणजे अठरा बाइट. तोच शब्द रोमन लिपीत लिहिला तर सात. पाठवताना मजकूर आवळला जातो, त्यामुळे फरक थोडा कमी होतो, पण उरतो. मी देवनागरीचा अभिमानी आहे. मुलीच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड मीच घातला. तरी आपत्तीच्या निरोपात मी रोमन लिपीतलं मराठी लिहीन आणि त्याची लाज वाटू देणार नाही. मात्र नावांची स्पेलिंगं आधी ठरवून ठेवावी लागतील. शिंदे किती तऱ्हांनी लिहितात ते तुम्हीच मोजा.

नावं हा या विषयाचा गाभाच आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या हॅम पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानातून हौशी रेडिओला बऱ्याच वर्षांनी परवानगी मिळाली होती आणि त्या तिथे हौसेसाठी, जगभरच्या हॅमांशी संपर्क साधण्यासाठी गेल्या होत्या. धक्क्यानंतर तोच संच मुख्य भूमीशी बोलण्याचं साधन झाला. काम तोंडी होतं : नाव सांगा, गाव सांगा, अक्षरं फोडून पुन्हा सांगा. तोंडी निरोपात माणसाचा आवाज पोहोचतो, ही फार मोठी गोष्ट आहे. पण दोनशे नावांची यादी तोंडी द्यायची असेल तर शंभराव्या नावाला सांगणारा थकतो आणि एकशे एकाव्याला ऐकणारा. लेखी निरोपाचा फायदा इथे आहे. पाठवलं तेच अक्षर उतरतं. चूक झालीच तर ती लिहिणाऱ्याची.

याच्या दुसऱ्या बाजूचीही जाण हवी. हौशी रेडिओवर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक लिपी वापरायला नियमानं बंदी आहे. आकाश सार्वजनिक आहे. तेव्हा जखमींची नावं, कुणाच्या घरात कोण एकटं आहे, इस्पितळात कोणतं औषध संपलं, हे लिहिताना चारचौघांत बोलतो आहोत असं समजूनच लिहावं लागतं. सरावात आम्ही हे शिकलो ते एका चुकीमुळेच. खोट्या रुग्णांच्या यादीत कुणीतरी खऱ्या शेजाऱ्याचं नाव घातलं होतं.

आता सगळ्यात जास्त लागलेली ठेच सांगतो. एका पाचव्या शनिवारी आमचं काम होतं एका कार्यालयाला निरोप पाठवायचं. नाव सांगत नाही. मी फॉर्म नीट भरला, साडेतीन मिनिटांत निरोप गेला, गेटवेनं पोच दिली. आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले. मंगळवारी मी सहज फोन केला. तिथल्या गृहस्थांना काहीच मिळालं नव्हतं. शोधल्यावर निरोप सापडला तो स्पॅमच्या पेटीत, लॉटरीच्या आणि केसवाढीच्या जाहिरातींमधे. अनोळखी पत्ता, विचित्र विषय, वर आकड्यांचं नाव. त्यांच्या संगणकानं योग्यच केलं. रेडिओनं तीनशे किलोमीटर साडेतीन मिनिटांत पार केले आणि शेवटचा एक फूट तीन दिवसांत नाही. आम्ही वर्षभर आमच्या टोकाचा सराव केला होता. दुसऱ्या टोकाच्या माणसाचा कुणी केलाच नव्हता.

आणि मग २२ जुलै २०२१ आला. चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. माझी आत्या तिथे बाजाराच्या मागे राहते. आदल्या रात्री तिच्याशी बोलणं झालं होतं, पाऊस फार आहे इतकंच म्हणाली होती. मग फोन लागेना. तिचा, शेजाऱ्यांचा, कुणाचाच. वीज गेली, मोबाइलचे टॉवर गेले. मी सिअॅटलला माझ्या शॅकमध्ये बसलो होतो. हॅम मंडळी आपल्या संचाच्या खोलीला शॅक म्हणतात. माझ्यापुढे बारा हजार किलोमीटर ऐकू शकणारा संच होता, भरलेली बॅटरी होती, दीडशे बुधवार होते. आणि मी काहीही करू शकत नव्हतो, कारण आत्याच्या आळीत कुणाकडे संच नव्हता. दोन दिवसांनी एका नातेवाइकानं खेर्डीकडून चालत जाऊन निरोप आणला : आत्या वरच्या मजल्यावर आहे, ठीक आहे, दळणाचे डबे गेले. तो माणूस आमचा विनलिंक होता.

अमेरिकेतल्या हॅमांच्या सर्वांत मोठ्या संस्थेच्या नावात ‘रिले’ हा शब्द आहे, त्याची गोष्ट इथे सांगतो. हायरम पर्सी मॅक्सिम हार्टफर्डला राहत. १९१४ मध्ये त्यांना स्प्रिंगफील्डच्या एका हॅमशी बोलायचं होतं. अंतर चाळीसेक किलोमीटर. त्यांचा एक किलोवॅटचा संच तिथे पोहोचेना. त्यांना आठवलं की मधे विंडसर लॉक्सला एक ओळखीचा हॅम आहे. त्याला हाक दिली, त्यानं निरोप पुढे सांगितला, काम झालं. मॅक्सिम यांच्या संचाची ताकद त्या संध्याकाळी तितकीच राहिली. त्यांच्याकडे अधिकचं होतं ते मधल्या गावातलं एक ओळखीचं माणूस. त्यावरून त्यांनी त्याच वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग काढली.

सरावाला कायदाही आडवा येतो, त्याचा एक मासलेवाईक नमुना आहे. अमेरिकेत हौशी रेडिओवरच्या डिजिटल निरोपांना तीनशे बॉडची, म्हणजे सेकंदाला तीनशे संकेतांची, जुनी मर्यादा होती. जर्मनीतल्या एका कंपनीनं पॅक्टर-४ नावाची बरीच वेगवान पद्धत काढली, पण ती या मर्यादेत बसत नव्हती. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळानं प्वेर्तो रिको उद्ध्वस्त केलं. मोबाइलचे सुमारे ९५ टक्के टॉवर बंद पडले. रेड क्रॉसनं हॅम मागितले, बावीस स्वयंसेवक संच घेऊन तिकडे गेले. तेव्हा अमेरिकेच्या संपर्क आयोगानं मर्यादा तात्पुरती उठवून पॅक्टर-४ वापरायला परवानगी दिली. वादळ ओसरलं, परवानगी संपली. म्हणजे एरवी जे वापरणं बेकायदा, ते संकटात वापरा असं सांगणं झालं. पोहायला बंदी, पण बुडताना पोहलात तर दंड नाही. ही मर्यादा शेवटी नोव्हेंबर २०२३ मध्ये कायमची काढली गेली. दरम्यान स्पेनमधल्या एका हॅमनं महागड्या मोडेमशिवाय, साध्या साउंडकार्डावर चालणारी वारा नावाची पद्धत काढून अर्धा प्रश्न सोडवून टाकला होता. आमच्या बस चालवणाऱ्या बाई तीच वापरत.

कुणी म्हणेल, आता उपग्रहावरचं इंटरनेट पेटीत घालून नेता येतं, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे आणि हॅम मंडळी त्याला उगाच चिडून उत्तर देतात. पेटी असेल तर ती उघडावी. दहा किलोबाइटसाठी धडपडण्यात पुण्य नाही. पण ती पेटी कुणाच्या तरी गोदामात असते, तिला वर्गणी असते, आणि ती पुराच्या पाण्यातून यायला दोन दिवस घेते. ते दोन दिवस ज्यांचे त्यांनाच काढायचे असतात.

आता सह्याद्रीकडे येतो. चिपळूण ते पुणे सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. मधे घाट. हातातल्या संचाला ते अशक्य आहे. अंगणात दहा फुटांवर बांधलेल्या तारेला ते अगदी आरामाचं अंतर आहे, दिवसा सात मेगाहर्ट्झवर. तेव्हा विज्ञान आपल्या बाजूचं आहे. नियमांचं बघायला हवं. तिसऱ्या माणसाचे निरोप नेण्यावर हौशी रेडिओत जगभर बंधनं आहेत आणि आपल्याकडेही आहेत. आपत्तीची सवलत वेगळी. पण २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत या नियमांना जी जोड मिळाली, तिच्यात देशांना असं सुचवलं आहे की हौशी केंद्रांना आपत्तीसाठी तयारी करू द्यावी. मदत करू द्यावी इतकंच म्हटलेलं नाही. तयारी हा शब्द तिथे मुद्दाम आहे. ज्यांच्या हाती आपल्याकडचे नियम आहेत, त्यांनी त्या शब्दाचा अर्थ सढळपणे लावावा, एवढी माझी विनंती.

आणि दुसरं टोक. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात, ग्रामपंचायतीत, ग्रामीण रुग्णालयात कुणीतरी एक असा हवा की ज्यानं असा निरोप आधी एकदा तरी उघडलेला आहे. त्याला रेडिओ यायला नको. पत्ता ओळखीच्या यादीत टाकलेला असावा आणि ‘मिळाला’ असं उलट लिहायची सवय असावी. अमेरिकेत ऑक्टोबरातल्या भूकंपाच्या देशव्यापी कवायतीत हॅम मंडळी ‘धक्का जाणवला का’ हा तिथल्या भूगर्भ खात्याचा फॉर्म विनलिंकवरून भरून पाठवतात. तिथे घेणारं टोक तयार आहे, म्हणून पाठवणाऱ्याला अर्थ आहे. कोयनेच्या परिसरातल्या शाळांनी असं काही करावं असं मला फार वाटतं.

परीक्षेचं सांगून थांबतो. हौशी रेडिओचा परवाना दूरसंचार विभागाच्या परीक्षेनंतर मिळतो. बारा वर्षं पूर्ण झालेला कुणीही ती देऊ शकतो. खालच्या श्रेणीला मोर्सची कटकट नाही. मी तीन वर्षांपूर्वी परत आल्यावर पुन्हा परीक्षेला बसलो. माझ्या डाव्या हाताला नववीतली एक मुलगी होती आणि तिचा पेपर माझ्याआधी झाला. चिपळूणला आत्याचा नातू आता त्याच परीक्षेचा अभ्यास करतो आहे. आत्या म्हणते, त्याला आधी गणितात पास होऊ दे.

बाहेर व्हरांड्यात एका टेबलावर मी माझा संच मांडला आहे. तो बॅटरीवर आहे, तो फक्त ऐकेल, बोलणार नाही; तुमचे निरोप मी त्यावरून पाठवू शकत नाही, नियम तसा आहे. शेजारी कोरे कागद आणि पेन्सिली ठेवल्या आहेत. घरात पाणी शिरलं आहे, फोन बंद आहे, आणि एकाच माणसाला पंचवीस शब्दांत कळवायचं आहे असं धरून एक निरोप लिहा. वर त्या माणसाचं नाव आणि पत्ता लिहा, पाठ असेल तर फोन नंबरही. शब्द मोजून आकडा कोपऱ्यात टाका आणि कागद घरी घेऊन जा.